बारा शब्दांच्या कोटाची बखर

ऐकणारांनी मन थाऱ्यावर ठेवावे. थोरामोठ्यांच्या मोहिमा लिहिणारे बहुत जाहले. गड पडले, फौजा बुडाल्या, तख्ते पालटली, ते सर्व कागदी आले. परंतु एका शिलाईच्या दुकानात, करकरणाऱ्या पंख्याखाली, जी मोहीम उभी राहिली, जीत एक निरोगी दाढ कामी आली आणि एक कोट दोन जागी उसवला, तिची दखल कोणी घेतली नाही. सबब मास्तरीणबाईसाहेबांचा हुकूम जाहला जे, काय काय घडले ते एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणजे पुढल्या खेपेस जावईबापू नवी मसलत घेऊन आले की चहाच्या आधी वाचून दाखविता येईल. हुकूम शिरसावंद्य मानून, पदरचे न घालिता आणि लाजेखातर काही न गाळिता, हकिगत लिहिली आहे ती ऐसी.

बाजाराच्या मागल्या गल्लीत, औषधाचे दुकान आणि झेरॉक्सचे दुकान यांचे मधे दहा बाय चौदाची जागा, तेवढाच मुलूख. त्यात कापणीचे टेबल हे तख्त, आणि त्या तख्तामागे मास्तर तीस वर्षे उभे. कोटाच्या कामात मास्तरांचा हात धरील ऐसा दुसरा त्या बाजारात नव्हता. गिऱ्हाईक पायरी चढे तोवर छातीचे माप नजरेनेच घ्यावे, आणि मग टेप लावावी ती केवळ गिऱ्हाइकाचे समाधान व्हावे म्हणून, ऐसा त्यांचा दरारा. दुकानाचा कायदा एकच, आणि तो भिंतीवर न लिहिताही सर्वांस ठाऊक होता जे, शिवलेला कोट अंगास बसला नाही तर दुकान तो परत घेईल आणि पैसे पुरे फेडील. तीस वर्षांत ऐसे तीन कोट परत आले, त्या तिघांची नावे मास्तर आजही झोपेत घेतात.

परंतु काजे करणे मास्तरांनी आपल्या इतमामास उणे मानिले. कापावे, जोडावे, छाती उभी करावी, ते मास्तरांचे. बटणे आणि काजे हे खाते मास्तरीणबाईंकडे. बाईंच्या हातचे काज ऐसे जे, उलटून पाहिले तरी टाका कोठून सुरू जाहला ते कळू नये. मात्र चार वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याजवळची दोन बोटे सकाळी मिटेनात. गरम पाण्यात हात बुडवून बसावे, तेव्हा कोठे सुई धरवे. मास्तर हे रोज पाहत होते आणि पाहून आतल्या आत तुटत होते, परंतु तोंडाने बोलावे ही त्यांची रीत नव्हती. म्हणून त्यांनी मनात योजून, चहात साखर घालावी तैसे चमचा चमचा साठवून, काजे करण्याच्या यंत्राची रक्कम तीन वर्षांत कपाटातल्या डब्यात पुरी केली. यंत्र आणावयाचा वार ठरला, आणि तोच जावईबापूंची स्वारी दुकानी दाखल जाहली.

जावईबापू विमा कचेरीत नोकर, दोन फोन बाळगणारे, बोलण्यात कोणास हार न जाणारे. त्यांनी टेबलावर एक फोन मांडून वकिली आरंभिली जे, घुबडनाणे नामे एक नाणे निघाले आहे. ते हातात येत नाही, खिशात राहत नाही, वाजवून पाहता येत नाही, आणि हेच त्याचे सामर्थ्य. त्यावर एक पेंगुळलेले घुबड आहे, तेही केवळ चित्रात. तीन महिन्यांत भाव चौपट जाहला. तरी यंत्राचे पैसे दोन महिने त्यात घालावे आणि एका यंत्राच्या जागी दोन न्यावी. मास्तरीणबाई कोपऱ्यात काज करीत होत्या. त्यांनी सुई न थांबविता विचारिले जे, त्याला किंमत कशाने?

जावईबापू बोलिले, ते मोजकेच आहे, ठरल्या संख्येवर एकही निघणार नाही. बाई म्हणाल्या, "गेल्या साली तुमची विजार एका पायात आखूड शिवली गेली. तसली जगात एकच आहे. घेतं का कोणी?" जावईबापूंनी तो मोर्चा सोडून दुसरा धरिला जे, एकेक नाणे निपजावयास हजारो यंत्रे अहोरात्र वीज जाळीत बसतात, ते कष्ट वाया कैसे जातील? बाईंनी जबाब दिधला जे, मागे समोरच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री कापडावर तशीच राहिली तेव्हाही कोळसा बहुत जळाला होता, आणि त्याबरोबर एक पँट जळाली होती, आणि त्या पँटीची किंमत त्यामुळे वाढली नव्हती. मग जावईबापूंनी राखीव फौज बाहेर काढिली जे, सगळे घेत आहेत म्हणून त्याला भाव आहे, आणि भाव आहे म्हणून सगळे घेत आहेत.

येथे बाईंनी सुई थांबविली. म्हणाल्या, "म्हणजे रांग दिसली की रांगेत उभं राहायचं. पुढे खिडकी आहे की नुसती भिंत, ते कोणी बघायचं नाही. बरं, शेवटी आपल्याकडून ते घेणार कोण?"

"कोणीतरी घेईलच की, आई."

"कोण, ते सांगा."

यावर जावईबापूंनी चहा घेतला.

वाद बाईंनी जिंकिला आणि पैसे मास्तरांनी दिधले. याचे कारण लोभ म्हणावे तर अर्धेच खरे. दोन यंत्रे हे शब्द कानी पडताच मास्तरांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहिले जे, एका यंत्रावर पगारी माणूस बसला आहे, दुसऱ्यावरही बसला आहे, आणि बाई खुर्चीवर हात मांडीत घेऊन नुसत्या बसल्या आहेत. त्या चित्रापुढे त्यांची अक्कल पाघळली. बाई दोऱ्याची रिळे आणावयास गेल्या आणि तेवढ्या अवकाशात डबा रिकामा जाहला. सायंकाळी बाईंस कळले. त्या रागे भरत्या तर मास्तरांस सोसते. परंतु त्या हात गरम पाण्यात घालून भिंतीकडे पाहत बसल्या.

आता किल्लीचा प्रसंग. खजिना उघडावयाचा तर बारा शब्द लागतात, ते जावईबापूंनी वाचून दाखविले. कासव, शिडी, पावती, कोपरा, ऐसे एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नसलेले बारा. आणि बजाविले जे, ज्याचे हाती हे शब्द त्याचे हाती खजिना. हरवले तर खुद्द नाणे काढणाराही दार उघडू शकणार नाही. फोनात ठेवू नये, कागदावर तर लिहूच नये. मास्तरांस हे फार पटले. कागदावर त्यांचा विश्वास मुळीच नव्हता. कागद भिजतो, कागदात कोणी बिस्किटे बांधतो. तीस वर्षे गिऱ्हाइकाचा नंबर आणि माप त्यांनी कॅनव्हासावर लिहिले, ते कधी हरवले नाही. कॅनव्हास म्हणजे कोटाच्या छातीत घालतात ते जाड कापड. वरून लोकर दिसते, आतून अस्तर दिसते, मधले हे कोणास दिसत नाही, आणि छाती मात्र याच्याच जिवावर उभी असते. तर मास्तरांनी पेन्सिलीचे टोक जिभेस लावून कॅनव्हासाच्या तुकड्यावर बारा शब्द नीट उतरविले, आणि तुकडा टेबलाखालच्या ढिगात, त्यांच्या मते जगातल्या सर्वांत भरवशाच्या जागी, ठेवून दिधला.

पुढे आठ दिवसांनी दंतवैद्यांचा करडा कोट कापणीस आला. डाव्या छातीस कॅनव्हास कमी पडला. मास्तरांनी ढिगात हात घातिला तो एक तुकडा ऐसा आला जे, जणू त्या छातीसाठीच विणला होता. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या कोणा जुन्या गिऱ्हाइकाच्या समजून, कापड वाया गेले नाही याचा मनस्वी आनंद मानून, मास्तरांनी तो आत बसविला आणि वर अस्तर शिवून टाकिले.

इकडे घुबडाने पंख पसरिले. दीड महिन्यात भाव अडीचपट जाहला, आणि ही खबर जावईबापूंनी गल्लीत ऐसी पेरिली जे, मास्तरांस ओळखीनासा जाहलेला मावसभाऊ सहकुटुंब भेटीस आला, आणि इस्त्रीवाल्याने मास्तरांचे शर्ट फुकट परीटघडी करून पाठविले. हा इस्त्रीवाला समोरच्या ओट्यावरच्या खोलीत वीस वर्षे कोळशाची इस्त्री फिरवीत आलेला, मास्तरांचा जिवाचा दोस्त, स्वभावे भोळा. मास्तर एवढ्याने दोन अंगुळे उंच जाहले. वास्तविक डबा रिकामा तो रिकामाच होता. परंतु रिकाम्या डब्याच्या धन्यास कोणी खुर्ची देत नाही, आणि न दिसणाऱ्या घुबडाच्या धन्यास औषधवाला स्वतः उठून खुर्ची देता जाहला.

मग विकण्याचा मुहूर्त ठरला आणि शब्द मागितले गेले. मास्तरांनी ढीग उपसला. गिरमिटासारखा हात फिरविला, तुकडा तुकडा उन्हात धरिला, दोन पोती उलटी केली. तेव्हा एकाएकी त्यांस तो तुकडा, ती कात्री आणि तो आनंद आठवला, आणि त्यांनी दोघांस सांगितले जे, शब्द दंतवैद्यांच्या कोटाच्या डाव्या छातीत शिवले गेले. जावईबापूंनी धीर देण्यास सांगितले जे, एका अर्थी ही शुभ वार्ता आहे, कारण नाणी हरवली म्हणजे उरलेली आणखी मोजकी होतात आणि भाव चढतो. बाई म्हणाल्या, "म्हणजे हरवल्यानं किंमत वाढते. मग सगळीच हरवून टाका, एकदाचे सगळे श्रीमंत होतील." जावईबापू दोन्ही फोन चाळू लागले.

मसलत बसली. दंतवैद्यांस खरे सांगावे तर शब्द त्यांचे हाती जाऊन खजिनाच जाईल, सबब कोट कपटाने हस्तगत करावा ऐसे जावईबापूंनी ठरविले. प्रथम निरोप गेला जे, कोटाचे एक बटण सैल राहिले ऐसा संशय आहे, तरी कोट पाठवून द्यावा. जबाब आला जे, बटण पक्के आहे, असा कोट आयुष्यात अंगात घातला नाही, रोज घालतो, एक दिवसही सोडवत नाही. तीस वर्षांत मास्तरांच्या कामाची इतकी तारीफ कोणी केली नव्हती, आणि ती ऐकून त्यांस रडू आले.

तेव्हा थेट चालून जाण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. मंगळवारी दोन प्रहरी मास्तर गालास रुमाल बांधून रोगी बनले आणि जावईबापू खिशात ब्लेड लपवून सोबती बनले. दवाखान्यात शिरताच जासुदी नजरेने पाहून घेतले जे, कोट खुर्चीच्या मागे खुंटीवर आहे. मास्तर खुर्चीवर आडवे जाहले, वरचा दिवा तोंडावर आला, आणि मागे जावईबापूंनी उसवणीस आरंभ केला. दंतवैद्य विचारिते जाहले, कोणती दुखते? मास्तरांनी बोटाने एक दाखविली. वैद्यांनी ठोकून पाहिली, गार पाणी मारिले, म्हणाले, ही तर ठणठणीत आहे. मास्तर कण्हून म्हणाले जे, आत खोल दुखते, सावकाश पाहावे, घाई करू नये.

मागे अनर्थ चालला होता. जावईबापूंनी कोट समोर धरून आपल्या डाव्या हाताची बाजू ती कोटाची डावी ठरविली, आणि उजवी छाती उसवून बसले. तीत बारा शब्द नव्हते, केवळ एकशे चौऱ्याऐंशी हा नंबर होता. त्यांनी मास्तरांस डोळ्यांनी खुणाविले जे, आणखी वेळ हवा. मास्तर अधिक कण्हले. इतके खोल दुखते तर मुळाशीच काही असले पाहिजे, ऐसा निकाल देऊन दंतवैद्यांनी इंजेक्शन दिधले आणि चिमटा घेतला. मास्तरांनी डोळे मिटले. त्या क्षणी त्यांस नाणे आठवले नाही, घुबड आठवले नाही. गरम पाण्यात बुडवलेला तो हात तेवढा आठवला, आणि त्यांनी तोंड पुरते उघडिले. कधी न ठणकलेली, कधी न हललेली ती दाढ येणेप्रमाणे कामी आली.

इतक्यात बाईसाहेब दाखल जाहल्या. सासरा-जावई ब्लेड घेऊन दाताच्या दवाखान्यात गेले, ही खबर इस्त्रीवाल्याने दिधली होती. बाईंनी एकवार खुर्चीकडे पाहिले, एकवार खुंटीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, कोटाच्या अस्तरात आमचा एक तुकडा चुकून राहिलाय. दहा मिनिटं बसू द्या, काढून परत शिवून देते."

"घ्या की," दंतवैद्य म्हणाले. "आधी सांगायचं ना."

बाईंनी बाकावर बसून डावी छाती उसवली, तुकडा काढिला, पिशवीतला दुसरा बसविला, जावईबापूंनी फाडलेली उजवीही सांधिली. दंतवैद्यांनी तुकडा हातात घेऊन कासव, शिडी, ऐसे चार शब्द वाचिले, हसले आणि तो परत दिधला. बोटे वाकत नव्हती म्हणून दहा मिनिटांचे काम चाळीस मिनिटे चालले. मास्तर तोंडात कापूस धरून ते पाहत होते. दाढ काढण्याचे दाम दंतवैद्यांनी पुरे घेतले.

खजिना उघडला. मधल्या काळात भाव थोडा हलला होता आणि बाजारात घेणारा चटकन मिळेना. परंतु जावईबापू म्हणाले जे, काळजी नसावी, गिऱ्हाईक मी आणतो. दोन दिवसांत अडीचपट रक्कम रोकडी हातात आली. काजांचे यंत्र वाजतगाजत नव्हे, पण हातगाडीवर बसून दुकानी आले. दुसऱ्या यंत्राचे पैसे आणि वर उरले ते डब्यात पडले. बाईंनी यंत्रावरून हात फिरविला, एक काज करून पाहिले. घटकाभराचे काम निमिषात जाहले. त्या हसल्या. मास्तरांस वाटले जे, एक दाढ काय, सगळी बत्तिशी गेली असती तरी सौदा स्वस्त होता.

चौथे दिवशी इस्त्रीवाला आला. यंत्र पाहून मनापासून खूश जाहला. मग खिशातून घडी केलेला कागद काढून हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही तुमचे बारा शब्द कशावर लिहिले होते? मलाही तसंच नीट ठेवायचंय."

मास्तरांनी विचारिले, कसले शब्द? तेव्हा सर्व उलगडले जे, जावईबापूंनी आणिलेले गिऱ्हाईक म्हणजे हाच. घरमालकाने खोलीचे नवे डिपॉझिट मागितले होते, ते महिनाअखेर द्यावयाचे होते. साठविलेले आणि बहिणीकडून आणिलेले सर्व पैसे त्याने घुबडात घातिले होते. कारण विचारिले तेव्हा तो सरळ बोलिला, "तुम्ही मास्तर कोणत्याही फालतू कापडाला हात लावत नाही, म्हणून घेतलं." त्याच दिवशी सकाळी भाव अर्ध्यावर आला होता. सायंकाळपर्यंत त्या भावात शर्टाचे एक बटण येईना. हजारो गल्ल्यांतल्या हजारो मास्तरांस आपापले बारा शब्द एकदमच सापडले असावे. जावईबापूंचा निरोप आला जे, घाबरू नये, विकत नाही तोवर तोटा नाही. निरोप फोनवरून आला, स्वारी स्वतः आली नाही.

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. बाईंनी दोन महिन्यांपूर्वी विचारिले होते, घेणार कोण. त्याचे उत्तर समोरच्या ओट्यावर कोळसे फुंकीत बसले होते. मास्तर पुटपुटले जे, आपण काही फसविले नाही, आपणांस ठाऊकही नव्हते. बाईंनी यंत्रावर कापड झाकले. मग म्हणाल्या, "अहो, आपला कोट अंगाला बसला नाही तर आपण परत घेतो ना?"

"घेतो."

"मग हेही परत घ्या."

दुसरे दिवशी यंत्र हातगाडीवर बसून आले तैसे गेले. विकणाराने दहावा हिस्सा कापून पैसे दिधले. डब्यातली रक्कम त्यात पडली, आणि तूट मास्तरांनी दोन कोटांच्या आगाऊ पैशांतून भरली. इस्त्रीवाल्याचे हाती त्याची रक्कम छदामही न कापता ठेविली आणि घुबडनाणी एकूण एक परत घेतली. तो घेईना, म्हणाला, तोटा माझा आहे, तेव्हा बाईंनी सांगितले, "भाऊजी, दुकानाचा नियम आहे, तुमची मर्जी कोण विचारतंय." तो पैसे घेऊन ओट्यावर गेला. जाणते पुसतात जे, घुबडनाण्यास खरी किंमत कधी आली? ती ह्याच एका दिवशी आली. बाकी सर्व दिवस घेणारा पुढच्यावर डोळा ठेवून घेत होता. त्या दिवशी घेणारीस ते फुकट आहे हे ठाऊक होते आणि तिने पुरते दाम मोजिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडील नाणी सर्वच्या सर्व हस्तगत केली, एकही सोडिले नाही. कामी आलेल्यांत एक दाढ, एक यंत्र आणि तीन वर्षांची साखर. बारा शब्दांचा तुकडा मास्तरांच्या स्वतःच्या कोटाच्या डाव्या छातीत शिवला आहे. छाती उत्तम उभी राहते. जावईबापूंस बोलावणे गेले आहे, ते कामात आहेत.

आणि मास्तरांनी, ज्यांनी तीस वर्षे काजास हात लावणे कमीपणाचे मानिले, त्यांनी बुधवारपासून काजांचे खाते आपल्याकडे घेतले. बाई खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसतात आणि हुकूम करितात. पहिले काज त्यांनी उसवून परत करावयास लाविले. दुसरेही. तिसरे उलटून पाहिले, सुलटून पाहिले आणि बाजूस ठेविले. लिहिणाराचे बोटास या तीन काजांत चार ठिकाणी सुई टोचली, त्यांतल्या एकाचा लाल ठिपका या कागदाच्या कोपऱ्यात पडला आहे. दुकानास निराळा शिक्का नाही, तोच शिक्का समजावा.